पिवळ्या पुठ्ठ्यावरची नावं

६ जानेवारी, सोमवार

शालेय व्यवस्थापन पदविकेला बसले आहे. तिथं रोज 'चिंतन दैनंदिनी' लिहायला सांगितलीय. ती मी निळ्या वहीत लिहिते. त्या वहीत माझा प्रत्येक दिवस फलदायी असतो आणि रोज मला काहीतरी नवीन उमगतं. ती वही मार्गदर्शकांकडं जमा होणार. ही वही कुणाकडंच जमा व्हायची नाही, तेव्हा हिच्यात खरं लिहायला हरकत नाही.

खरं असं की मला साहेब व्हायचंय. वय चौतीस. आधी तंत्रस्नेही शिक्षिका म्हणून जिल्ह्याच्या मार्गदर्शक पथकात जायचं, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी. त्यापुढचं पद पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, कुणी पाहिलंच तर खोडता यावं म्हणून. पथकाची निवड मार्चमध्ये आहे. साहेब शाळेत येऊन वर्ग बघणार आणि तक्त्यावर गुण देणार. म्हणजे हातात दोन महिने.

आणि शाळा कुठली, तर निवळीटेक. कोयनानगरहून घाटाच्या वळणांनी अकरा किलोमीटर, एकतीस पोरं, दोन शिक्षिका. इथल्या धरणाच्या विजेवर कुठली कुठली शहरं झगमगतात आणि आमची लाईट दुपारी दोनला जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या दगडावर मिळते. तंत्रस्नेही व्हायला मी जागा बरी निवडलीय.

९ जानेवारी, गुरुवार

या महिन्याचा स्वाध्याय आला: 'आपल्या परिसरातील शैक्षणिक नेतृत्वाचे एक उदाहरण, दोनशे शब्द.' दोन दिवस डोकं खाजवतेय. या टेकावर नेता म्हणून कुणाला दाखवायचं?

आमच्या मुख्याध्यापिका राजेश्वरी बाई यंदा मेअखेर निवृत्त होतील. जन्म सदुसष्टचा, तारीख एक जून. त्या काळी मास्तर ज्याला त्याला हीच तारीख लावून मोकळे व्हायचे. बाई मनानं सोन्यासारख्या, पण नेता वगैरे नव्हेत. भाषण येत नाही. मोबाईल बटणांचा. सकाळी आल्या की आधी वर बघतात, पंखा, तुळया, खिडकीच्या वरची बाजू. मग खाली बघतात, पोरांच्या चपला. चपला बाहेर तोंड करूनच लावायच्या, हा नियम. एकाची जरी उलटी दिसली तरी स्वतः वाकून सरळ करतात.

शाळेत गुडघ्याच्या वर एक वस्तू नाही. नकाशे जमिनीवर गुंडाळून ठेवलेले, कपाट आडवं पाडलेलं. थोर पुरुषांच्या तसबिरींच्या काचा काढून नुसते कागद भिंतीला चिकटवलेत. मी पहिल्या दिवशी आले तेव्हा वाटलं, रंग द्यायला सामान खाली काढलंय.

आज माझा क्यूआर कोडचा तक्ता भिंतीवर लावला. चांगला लॅमिनेट करून आणलाय, मोबाईल धरला की पाढे, कविता सगळं उघडतं. दाराजवळ एक जुना पिवळा पुठ्ठा होता, पोरांच्या कामांची नावं लिहिलेला. बरोबर त्याच्यावर बसला. भिंत एकदम उजळली.

२७ जानेवारी, सोमवार

डिजिटल फळ्याचं पॅनेल आलं! पासष्ट इंची, हातानं लिहिता येणारं, चाळीस किलो. टेम्पोतून उतरवायला गावातली चार माणसं लागली. पोरं त्याच्या खोक्याभोवतीच तासभर नाचली. तानुबाई, म्हणजे आमच्या खिचडीच्या मावशी, हात पुसत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "आवं मॅडम, येवढा मोठा टीव्ही! ह्याला घास-मुटका काय घालायचा?"

पण लगेच माशी शिंकली. पॅनेल भिंतीवर बसवायचं, असं साहेबांच्या गुणांच्या तक्त्यात स्पष्ट आहे. 'दर्शनी भिंतीवर, सहा फुटांवर.' त्याला पाच गुण आहेत. बाई म्हणाल्या, "भिंतीवर नको, जीनत. खाली ठेव."

"खाली कुठं बाई? पॅनेल काय पाट आहे?"

"पोरांच्या डोक्यावर काय न्हाई लावत आपण."

बस्स. कारण नाही, चर्चा नाही. पदविकेच्या पुस्तकात 'बदलाला होणारा विरोध' असं एक प्रकरण आहे. बाईंचा फोटो छापायला हरकत नाही त्यात.

१ फेब्रुवारी, शनिवार

महिन्याचा पहिला शनिवार म्हणजे पळतीचा दिवस. बाई घंटा बडवतात आणि पोरं मैदानात पळतात. भूकंपाचा सराव. मी तेवढ्या वेळात टाकीजवळच्या दगडावर बसून ऑनलाइन माहिती भरते, नाहीतर कार्यालयात कागद उरकते. आजही कार्यालयातच होते. दर वेळी तिसरीतली कशिश धावत येऊन माझा हात ओढते. "मॅडम, चला की." कोयनानगरला शिलाईकामाला जाणाऱ्याची पोर, लाघवी आहे, माझ्यावर फार जीव. आजही आली. म्हटलं, "जा बाळ, मला काम आहे, तू खेळ." ती जाईना. हात धरून तशीच उभी. शेवटी बाईंनी बाहेरून हाक मारली तेव्हा गेली, तीही तोंड पाडून.

२ फेब्रुवारी, रविवार, मिरज

अब्बांच्या कारखान्यात दुपार घालवली. तंबोऱ्यांचे भोपळे छताला टांगलेले, कारागीर त्यांच्याखाली बसून तासतायत. लहानपणापासून हेच बघितलंय. मोलाची वस्तू उंचावर, पायाखाली यायला नको, उंदराच्या तोंडी लागायला नको. अब्बांना पॅनेलचं सांगितलं. ते तंबोऱ्याची जवारी लावत होते, सूर घुमावा म्हणून. घोडीवर दोरा सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा सरकवायचा. म्हणाले, "मोठ्या बाई नको म्हणतात तर विचार, का नको."

विचारायला वेळ कुठाय. मला मार्च दिसतोय. अब्बा हसून म्हणाले, "पी हळद अन् हो गोरी, असं चाललंय तुझं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाई डोळे तपासायला कराडला गेल्या, उद्याही येणार नाहीत. पाटणहून ज्योतिबा सुताराला बोलावलं. चार बोल्ट मारले, सहा फुटांवर, पॅनेल वर. फोटो काढला. काय देखणं दिसतंय! तानुबाई दारातून म्हणाल्या, "बाईंस्नी इचारलंय न्हवं?" मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

मनाला थोडं लागलंय. पण पाच गुण म्हणजे पाच गुण.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाई आल्या. वर पाहिलं. मी पाठ केलेलं सगळं भाषण तयार होतं: परिपत्रक, सुरक्षित बोल्ट, काळाची गरज. बाईंनी पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला. मला म्हणाल्या, "बाकावर चढ आणि हे टोक वरच्या कडेला धर." धरलं. सुतळी सरळ खाली जमिनीपर्यंत घेतली, गाठ मारली. मग तेवढीच सुतळी भिंतीपासून जमिनीवर आडवी धरली आणि आणखी एक हात पुढं मोजून खडूनं रेघ ओढली. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत.

पोरांना म्हणाल्या, "हे कुठवर पडंल?"

"रेघंपत्तुर!" सगळी ओरडली.

"मग आपण कुठं बसायचं?"

"रेघंमागं!"

मला म्हणाल्या, "बसवलंस ना? झालं. आता राग धरू नको, वर्ग सुरू कर." राग मी धरू नको! आवाजात टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं.

आता अर्धा वर्ग रिकामा आणि पोरं मागच्या भिंतीला चिकटलेली. शेवटच्या रांगेतल्यांना पॅनेलवरचं अक्षर दिसत नाही. लिहायला बोलवावं तर एकेकाला पळत यावं लागतं आणि बाई दारात उभ्या राहून डोळ्यांनी त्याला परत रेघेमागं पोचवतात. पहिलीच्या पोरांचा तर हातच पुरत नाही. ती नुसती बघत बसतात.

४ मार्च, मंगळवार

रोजे सुरू झालेत. पहाटे उठून, घाट चढून, दिवसभर पोरं. बाईंनी परस्पर वेळापत्रक बदललं, दुपारचा शेवटचा मोठ्यानं वाचायचा तास स्वतःकडं घेतला. मला सांगितलंसुद्धा नाही, फळ्यावर पाहिलं तेव्हा कळलं. बाई माणूस म्हणून लाखात एक आहेत, हे मी निळ्या वहीतही लिहीन. फक्त काळाच्या मागं आहेत.

७ मार्च, शुक्रवार

सोमवारी साहेब येणार. पोरं घरी गेल्यावर खडूची रेघ ओल्या फडक्यानं पुसून काढली. फोटोत ती फार वाईट दिसते आणि कुणी विचारलं तर सांगायचं काय? एका दिवसाचा तर प्रश्न आहे. बाईंना उद्या समजावेन.

८ मार्च, शनिवार

आजच लिहायचंय, नाहीतर उद्या मी हे गुळगुळीत करून लिहीन.

सकाळची शाळा. साडेनऊचा सुमार. साहेब आल्यावर काय काय दाखवायचं त्याची रंगीत तालीम चालली होती. पोरं मागच्या भिंतीलाच बसली होती. मी म्हणत होते, पुढं या, पुढं सरका, रेघ नाही आता. ती एक वीत सरकायची आणि थांबायची. बरोबर तिथंच, जिथं काल रेघ होती. फरशी स्वच्छ होती, एक ठिपकासुद्धा नव्हता, आणि एकतीस पोरं न दिसणाऱ्या रेघेमागं बसली होती. मी चिडले. मी आवाज चढवला. हे लिहायलाच हवं. मी त्यांना ओरडून पुढं बोलवत होते.

तेवढ्यात आवाज आला. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा. मग फरशी हलली.

पोरं उठली. किंचाळली नाहीत. पहिलीच्या एकेका पोराचा हात चौथीच्या एकेका पोरानं धरला, ही त्यांची वाटणी आधीच ठरलेली असणार. दाराशी चपला बाहेर तोंड करून होत्या, पाय घातले की पुढं. कुणी वाकलं नाही, कुणी वळलं नाही, दारात गर्दी झाली नाही. बाई दुसऱ्या खोलीत होत्या, त्यांचा नुसता आवाज ऐकू येत होता, रोजच्या हजेरीचा असावा तसा: "चला. चला. चला."

आणि मी? मी पॅनेल धरलं. दोन्ही हातांनी. उजवीकडचे दोन बोल्ट भिंतीतून सुटले होते, गिलाव्याचा पोपडा खाली आला होता, चाळीस किलोचं ते धूड तिरपं झालं होतं आणि मी त्याच्याखाली उभी राहून ते सावरत होते. माझ्या डोक्यात पोरं नव्हती. सोमवार होता.

कुणीतरी ओढणी ओढली. कशिश. बाहेर गेलेली नव्हती. "मॅडम, चला की." मी म्हटलं, "तू जा!" तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि पाय रोवून ओढलं. दर पळतीला ओढते तसंच. आठ वर्षांची पोर. मला सोडून ती बाहेर जाणार नव्हती, हे मला कळलं तेव्हा मी पॅनेल सोडलं.

मैदानात बाईंनी मोजलं. एकतीस. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आणि मॅडम. झालं." वहीत खूण केली. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा झालं नसेल. तानुबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, माझ्या तोंडाजवळ नेला, मग त्यांना रोजा आठवला. तसाच तो तांब्या माझ्या पायांवर ओतला. "गार वाटंल जरा," म्हणाल्या. मी तिथं रडले.

९ मार्च, रविवार

काल शाळा सुटल्यावर आत जाऊन क्यूआरचा तक्ता काढला. खालचा पिवळा पुठ्ठा वाचायचा होता. बाईंचं ठसठशीत अक्षर, वर 'पळती' असं लिहिलेलं. हजेरी वही, ऋषिराज. घंटा, अमुक. चुलीवर पाणी मारणं, तानुबाई. पहिलीतली दहा पोरं आणि त्यांचे दहा हात धरणारे. सगळ्यात खाली वेगळ्या पेनानं, गेल्या जूनमध्ये मी आले तेव्हाची ओळ: 'नवीन मॅडम, कशिश.'

म्हणजे ती पोर दर महिन्याला माझ्याशी खेळायला येत नव्हती. तिला नेमून दिलेलं काम करायला येत होती. आणि मी तिला हाकलून देत होते.

बाईंना विचारलं, हे मला सांगितलं का नाही? म्हणाल्या, "मिरजेची माणसं तुम्ही, जमीन हलली की आधी वस्तू धरणार. सांगून कळत न्हाई ते. म्हटलं, शिकशील तवा शिकशील, तोवर पोरगी आहे." मग सुतळी गुंडाळत, जशी काही तांदळाच्या पोत्यांची गोष्ट सांगताहेत तशा आवाजात सांगितलं, "सदुसष्टच्या डिसेंबरात, त्या मोठ्या भूकंपात, मी सहा महिन्यांची. थोरली बहीण पाच वर्षांची. आमच्या घराची भिंत न्हाई पडली बघ. फळीवरची हांडी पडली, तिच्यावर."

या बाईंनी तीस वर्षं शाळेत गुडघ्याच्या वर काही ठेवलं नाही आणि त्याचं कारण कुणाला सांगून धाक घातला नाही. पोरांना भीती दिली नाही, सवय दिली. मी त्यांना काळाच्या मागं म्हणत होते. ही वही कुणी वाचणार नाही, तरी मला लाज वाटते आहे.

आज रविवार असून ज्योतिबाला पुन्हा बोलावलं. पॅनेल खाली काढलं, दोन बुटक्या बाकांवर भिंतीला टेकवून ठेवलं आणि खिडकीच्या गजांना दोन दोरांनी बांधलं. दोर बाईंनी स्वतः ओढून बघितले. पुन्हा सुतळी, पुन्हा गाठ. आता रेघ भिंतीपासून फार दूर नाही. मग बाईंनी विचारलं, "पण तुझे गुण?" मी म्हटलं, बघू. मनात ते पाच गुण मोजत होते, हेही खरं.

१० मार्च, सोमवार

साहेब अकराला आले. गुणांचा तक्ता काढला. पहिलाच प्रश्न, "पॅनेल भिंतीवर नाही?"

बाई पुढं व्हायला लागल्या. मी त्यांच्या आधी बोलले. "नाही सर. मी खाली ठेवलंय. आमच्याकडं पोरांच्या डोक्यावर काही लावत नाहीत." शनिवारचं सांगितलं. मी पॅनेल धरून उभी होते, तेही सांगितलं. ते का सांगितलं कोण जाणे.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "आजच्यापुरतं वर लावता आलं असतं मॅडम."

तेवढ्यात एक गंमत झाली, ती माझ्या पाठात नव्हती. पहिलीची पोरं उठून पॅनेलपाशी गेली. आता ते घट्ट बांधलेलं आहे आणि त्यांच्या छातीशी येतं, वरच्या कडेला हात पुरतो; बाईंनीही अडवलं नाही. एकानं बोटानं 'अ' काढला, दुसरीनं त्याला शेपूट जोडलं, तिसऱ्यानं पुसून पुन्हा काढला. चौघं एकदम लिहीत होती. मी महिनाभर या यंत्रापुढं उभी राहून शिकवत होते, आज पहिल्यांदा ते पोरांचं झालं. साहेबांनी हातातला तक्ता मिटून ठेवला. मग बूट काढून सतरंजीवर बसले, रेघेमागं. कशिशनं त्यांना हातानं खूण करून आणखी जरा मागं सरकवलं.

जाताना म्हणाले, "पहिलीची पोरं अशी पॅनेलला भिडलेली मी दुसरीकडं पाहिली नाहीत. पण माझ्या हातात तक्ता आहे, मॅडम. तो 'होय' नाहीतर 'नाही' एवढंच विचारतो." आणि 'नाही'वर खूण केली.

१ एप्रिल, मंगळवार, मिरज

काल ईद झाली. शिरखुर्मा खाता खाता यादी मोबाईलवर आली. मी राखीव यादीत, दुसरी. तीन गुणांनी गेलं. म्हणजे बाजारात तुरी होत्या, त्या तिथंच राहिल्या.

रडले थोडी. मग कारखान्यात जाऊन बसले. अब्बांना सगळं सांगितलं, भिंतीचं, हांडीचं. ते वर टांगलेल्या भोपळ्यांकडं बघत राहिले. म्हणाले, "भोपळा हलका असतो बेटा." एवढंच.

तो राहिलेला स्वाध्यायही काल पाठवला. दोनशे शब्दांची मर्यादा होती, माझे नऊशे झाले. राजेश्वरी बाई, निवळीटेक. मर्यादा ओलांडल्याचे गुण कापतील. कापू देत.

३१ मे, शनिवार

बाईंचा निरोप समारंभ. सुट्टी असून सगळं गाव आलं होतं. बाईंसाठी खुर्ची नेमकी पंख्याखाली मांडलेली. बाई आल्या, वर बघितलं, खुर्ची दोन हात सरकवली आणि बसल्या. तरणी मंडळी हसली. गावातल्या म्हाताऱ्या बाप्यांनीही आपापल्या खुर्च्या सरकवल्या, ते मात्र हसले नाहीत.

भाषण त्यांना आलंच नाही. उभ्या राहिल्या, "पोरं चांगली आहेत. मॅडम चांगल्या आहेत. काय अडायचं न्हाई," म्हणाल्या आणि खाली बसल्या. मला वाटलं होतं कोरडी राहीन. तानुबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मॅडम, आता तुमीच बाई. रडू नगा, पोरं बघत्यात."

शाळेचा पदभार मला दिला. किल्ल्या, शिक्का, हजेरीपट आणि सुतळीचा गुंडा. गुंडा पदभाराच्या यादीत नव्हता. बाईंनी तो हातात ठेवला आणि माझी मूठ मिटवली. मी त्यांच्या पायाशी वाकले तर मला वर उचललं आणि सवयीनं माझ्या डोक्याच्या वर बघितलं, काही आहे का म्हणून.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. पट तेहतीस.

वर्षाचा हिशेब मांडला तर माझी पाटी कोरीच आहे. पथक नाही, केंद्रप्रमुखपद नाही. पेन्सिलीनं लिहिलेलं पद पेन्सिलीतच आहे. उलट सकाळपासून आसपासच्या शाळांतल्या चार मास्तरांचे फोन. पॅनेल खाली कसं लावलं, दोर कुठं बांधला, रेघ किती हातांवर, पहिलीची पोरं काय काय करतात. दोघं तर बघायला येतो म्हणतात. चुकलेले फोन बघून प्रत्येकाला त्या टाकीजवळच्या दगडावरून परत लावायचा. वैताग आला. मी काय यांची साहेब आहे?

नवे सर रुजू झाले. वसीम, माधवनगरचे, पंचविशीतले, हुशार आहेत. पिशवीत दोन मोठे स्पीकर आणलेत स्वखर्चानं. आल्या आल्या विचारलं, "मॅडम, हे वर कोपऱ्यात बसवले तर आवाज सगळीकडं जाईल. परिपत्रकातही तसंच आहे. खिळे आहेत का?"

किती बोलायचं तोंडावर आलं होतं. गुंडा काढला. म्हटलं, "सर, जरा बाकावर चढा आणि हे टोक धरा." सुतळी खाली घेतली, गाठ मारली, खडू घेतला. सर माझ्याकडं कसे बघत होते! पदविकेच्या पुस्तकातलं ते प्रकरण त्यांनीही वाचलेलं दिसतंय.

मग पिवळा पुठ्ठा काढला. पहिलीची नवी नावं घातली, त्यांचे हात धरणारे घातले. हजेरी वहीपुढचं नाव बदललं. खालच्या ओळीवर आले. कशिश शेजारी उभी होती, आता चौथीत गेलीय. तिला विचारलं, "नव्या सरांना कुणाला द्यायचं?"

"राजवीरला द्या. त्यो जोरात वढतो."

लिहिलं: 'नवीन सर, राजवीर.' मग वरच्या ओळीवर पेन ठेवला. आता मी मुख्याध्यापिका. म्हटलं, "कशिश, ही माझी ओळ खोडू का गं?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. सुतळीकडं बघितलं. मग मान हलवली.

"राहू द्या मॅडम," म्हणाली. "येका वर्सात कुणी शिकत न्हाई."

'नवीन' तेवढा शब्द खोडला. बाकी ओळ ठेवली.